काचेत जडवलेला आरोप

ब्रसेल्सच्या सेंट मायकेल आणि सेंट गुडुला कॅथेड्रलच्या उत्तर अंगाला एक प्रार्थनागृह आहे. १५३४ ते १५३९ या वर्षांत ते बांधले गेले आणि लगेच पुढच्या दशकात त्याच्या उंच खिडक्यांत रंगीत काचचित्रे बसली. बर्नार्ड व्हॅन ऑर्ली आणि मिखिल कॉक्सी हे तिथले त्या काळचे नामवंत चित्रकार. त्यांच्या रेखाटनांवरून यान हाक याने काच घडवली. खिडक्यांची मांडणी सारखीच आहे. खाली देणगी देणारे राजा-राणी गुडघे टेकून, हात जोडून बसलेले आणि वर एका कथेतला एकेक प्रसंग. यांतल्या एका खिडकीतले दांपत्य मराठी वाचकाला परके नाही. तो पोर्तुगालचा राजा जुआंव तिसरा आणि ती त्याची राणी कातारीना. गोव्याची तिसवाडी तेव्हा त्यांच्याच अमलाखाली होती. १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टीही त्यांच्या हाती आली.

वरच्या भागात रंगवलेली कथा ज्यूंविषयी आहे. एका श्रीमंत ज्यूने चर्चमधून मिस्साची पवित्र भाकर चोरवून आणली, १३७० च्या गुड फ्रायडेला ब्रसेल्सच्या ज्यूंनी आपल्या प्रार्थनास्थळात तिच्यात सुऱ्या खुपसल्या आणि भाकरीतून रक्त वाहू लागले, अशी ती कथा. प्रत्यक्षात जे घडले ते असे : ब्रसेल्समधल्या ज्यूंवर हा आरोप आला, त्यांच्यातल्या काहींना खांबाला बांधून जाळण्यात आले आणि ब्रसेल्स ज्या ब्राबांत प्रांतात होते, तिथली ज्यूंची वस्ती मोडली. जाळलेल्यांच्या मालमत्तेतून आलेला पैसा ब्राबांतच्या ड्यूकच्या हिशेबवहीत जमा झाला. म्हणजे खून झाला तो ज्यूंचा आणि काचेवर खुनी म्हणून रंगवले गेले तेही ज्यूच. घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी, शहरात त्यांची बाजू मांडणारे कोणी उरले नसताना, युरोपातल्या सर्वांत बलाढ्य घराण्याच्या पैशाने हा आरोप काचेत कायमचा जडवला गेला.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते या एका खिडकीत एकवटले आहे. धार्मिक छळाचे चित्र नेहमी पीडितच काढतो असे नाही. पुष्कळदा ते छळणाराच काढतो, आणि तेही स्वतःला पीडित दाखवून. असे चित्र जितके सुंदर, तितके धोक्याचे. ते जुन्या हत्येला न्याय ठरवते आणि पुढच्या हत्येसाठी माणसांची मने तयार करून ठेवते.

ब्रसेल्सची कथा एकटी नाही. पवित्र भाकरीच्या विटंबनेचा आरोप १२९० मध्ये पॅरिसमध्ये झाला आणि तिथून गावोगाव पसरला. इटलीतल्या उर्बिनोमध्ये पाओलो उच्चेल्लोने १४६० च्या दशकात याच विषयावर लाकडी फलकांची एक चित्रमालिका रंगवली. परिप्रेक्ष्याचा तो थोर अभ्यासक. त्याच्या चित्रातल्या फरशीची प्रत्येक रेघ मोजून आखलेली आहे, आणि त्याच अचूक हाताने त्याने एका ज्यू कुटुंबाला मुलांसकट जाळतानाचे दृश्यही काढले. १५१० मध्ये बर्लिनला अशाच आरोपावरून ३८ ज्यूंना जाळले गेले. १५३९ मध्ये फ्रँकफर्टला जमलेल्या राज्यकर्त्यांसमोर धर्मसुधारक मेलांक्थॉन यांनी जाहीर केले की ती माणसे निर्दोष होती. नेमक्या त्याच वर्षी ब्रसेल्सचे प्रार्थनागृह बांधून पुरे झाले. आरोपाचा खोटेपणा एका शहरात उघड होत असताना दुसऱ्या शहरात त्याच जातीच्या आरोपासाठी खिडक्या तयार होत होत्या. सत्य तिथवर पोचण्याची वाट कारागिरांनी पाहिली नाही, आणि पैसे देणाऱ्यांना त्याची गरजही नव्हती.

या माध्यमाची ताकद समजून घ्यायला हवी. मुळातच रंगीत असलेल्या काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, त्यांवर गडद रंगाने चेहरे आणि कपड्यांच्या घड्या काढायच्या, चांदीच्या क्षारांनी पिवळी झळाळी आणायची आणि सगळे भट्टीत भाजून पक्के करायचे, असे हे काम. प्रबोधनकाळातल्या कलावंतांनी त्यात कमानी, खांब, खोली आणि जिवंत वाटणारी माणसे आणली. भिंतीवरच्या चित्रावर उजेड पडतो. काचचित्रातून उजेड पाझरतो. भाविकाला तो प्रकाश वरून, देवाकडून आल्यासारखा वाटतो. अशा प्रकाशात एखाद्या समाजाला गुन्हेगार म्हणून दाखवले की त्या आरोपाची उलटतपासणी घ्यायची इच्छाच मरते. शिवाय खाली राजा-राणी प्रार्थना करत असतात. पाहणाऱ्यासमोर त्यांचा कित्ता ठेवलेला असतो : असेच गुडघे टेका आणि हेच खरे माना.

प्रकाश आणि हत्या यांचे नाते पोर्तुगालने त्याआधीच पाहिले होते. १४९७ मध्ये तिथल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. या ‘नवख्रिस्ती’ लोकांवर संशय मात्र कायम राहिला. एप्रिल १५०६ मध्ये लिस्बनच्या सांव दोमिंगुश चर्चमध्ये क्रुसावर उजेड दिसला आणि लोक चमत्कार म्हणून जमले. एक नवख्रिस्ती म्हणाला की हा साधा दिव्याचा उजेड असावा. जमावाने त्याला ठार केले आणि पुढच्या तीन दिवसांत शहरभर नवख्रिस्त्यांची कत्तल झाली. समकालीनांचे आकडे हजारोंत आहेत. जुआंव तिसरा तेव्हा लहान मूल होता. पुढे राजा झाल्यावर त्याने पोपकडून परवानगी मिळवून १५३६ मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंडाचा शोध घेऊन शिक्षा करणारे, न्यायपीठ उभे केले.

ब्रसेल्सची काच आणि गोव्याचा इतिहास इथे एकमेकांना येऊन मिळतात. तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. १५४३ मध्ये जेरोनिमो दियाश या नवख्रिस्ती वैद्याला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात मृत्युदंड झाला आणि त्याचे प्रेत जाळले गेले. गोव्यात तोवर स्वतंत्र इन्क्विझिशनही नव्हते. ते स्थापावे असे पत्र मिशनरी फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ मध्ये आंबोइना बेटावरून राजाला लिहिले. १५५७ मध्ये राजा मेला. गादीवर आलेला नातू सेबास्तियांव तीन वर्षांचा होता. त्याच्या नावाने राज्य चालवू लागली ती आजी, म्हणजे काचेत हात जोडून बसलेली राणी कातारीना. तिच्याच कारभारात मार्च १५५९ चे फर्मान निघाले, ज्याने अनाथ हिंदू मुलांना सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात देऊन त्यांचा बाप्तिस्मा करण्याची वाट मोकळी झाली. तिच्याच कारभारात, १५६० मध्ये, गोव्याचे इन्क्विझिशन सुरू झाले आणि आदिलशहाच्या जुन्या वाड्यात त्याचे ठाणे बसले. खिडकीला देणगी देणारी आणि हे न्यायपीठ पाठवणारी राजसत्ता एकच होती. खिडकी पाहून न्यायपीठ पाठवले असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या मनाला ती कथा निःशंकपणे खरी वाटत होती, त्याच मनाला हे न्यायपीठही धर्मकार्य वाटत होते.

गार्सिया द ओर्ता यांचे उदाहरण मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावे. नवख्रिस्ती घराण्यातले हे वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्यांचा वावर होता आणि मुंबईचे बेट त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते. इथल्या वनस्पती आणि औषधे यांवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. आपल्या वैद्यांकडून मिळालेले ज्ञान त्यांनी युरोपला पोचवले. १५६८ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारीना हिला गोव्यात जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्तांचे अवशेष उकरून काढून जाळले गेले.

या न्यायपीठानेही चित्रांचा वापर केला, पण फार वेगळ्या तऱ्हेने. दोषी ठरलेल्याला ‘सांबेनितो’ नावाचा अंगरखा घालून मिरवत नेत. जाळायच्या माणसाच्या अंगरख्यावर त्याचाच चेहरा काढलेला असे, भोवती ज्वाळा आणि सैतान. मरणातून सुटलेल्याच्या अंगरख्यावर ज्वाळा उलट्या, खाली तोंड केलेल्या. स्पेन आणि पोर्तुगालच्या रिवाजाप्रमाणे असे अंगरखे चर्चमध्ये टांगून ठेवत, म्हणजे घराण्याची बेअब्रू पिढ्यान्‌पिढ्या टिके. माणसाला त्याच्यावरच्या आरोपाचे चित्र अंगावर वागवायला लावणे, याहून मोठा दृश्य छळ नाही.

याच्या उलट बाजूचे एक चित्रही आपल्याकडे आहे. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य १६७३ मध्ये दमणला पकडला गेला. त्याच्यावरच्या ठपक्यांत एक असा होता की, दानपेटीवर रंगवलेल्या पवित्र चित्राचे चुंबन घ्यायला त्याने नकार दिला. गोव्याच्या कोठडीत दोन वर्षे काढून, १६७६ च्या जानेवारीत अनवाणी मिरवणुकीत चालून त्याचा जीव वाचला आणि १६८७ मध्ये त्याने आपली हकिकत प्रसिद्ध केली. तिच्यातल्या कोरीव चित्रांत ती मिरवणूक, ते अंगरखे, तो न्यायकक्ष दिसतो. ही पीडिताने सांगितलेली गोष्ट. तिला राजाची देणगी नव्हती, सोन्यासारखी झळाळी नव्हती. तिच्यात आहे ते पाहिलेल्या माणसाचे नाव, तारखा, जागा आणि तपासून पाहता येईल असा तपशील. ब्रसेल्सची काच आणि देलाँचे पुस्तक शेजारी ठेवले की छळाच्या खऱ्या आणि खोट्या चित्रातला फरक कळतो. खरे चित्र तपासाला घाबरत नाही.

मी बंगळूरच्या जयनगरात राहतो. इथे आणि शेजारच्या बसवनगुडीत अशी अनेक घरे आहेत, ज्यांचे कुलदैवत मंगेश, शांतादुर्गा किंवा म्हाळसा आहे. सोळाव्या शतकात त्यांचे पूर्वज गोवा सोडून कारवार, कुमठा, मंगळूरकडे आले. त्यांचे वंशज विसाव्या शतकात नोकरीधंद्याने बंगळूरला पोचले. देवही हलले : कुट्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ही विस्थापनाची आठवण खरी आहे. ती जपणे आपला हक्क आहे आणि कर्तव्यही. ‘जुने उकरू नका’ असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. जे घडले ते पूर्ण सांगितले पाहिजे.

माझी काळजी वेगळी आहे. आमच्या भागातल्या मराठी-कोंकणी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत ‘गोव्याचे इन्क्विझिशन’ या मथळ्याखाली जी चित्रे फिरतात, त्यांतली कितीतरी युरोपातल्या दुसऱ्याच प्रसंगांची असतात. आता तर संगणकाला चार शब्द सांगितले की मिनिटभरात नवे चित्र तयार होते : रक्त, साखळ्या, झगा घातलेला क्रूर पाद्री. कोणी काढले, कशावरून काढले, कधीचे आहे, काही लिहिलेले नसते. खाली मात्र आजच्या शेजाऱ्याविषयी एक वाक्य असते. मला भीती वाटते ती या शेवटच्या वाक्याची.

जुन्या गोव्यातला ‘हातकातरो खांब’ घ्या. इन्क्विझिशनचे लोक तिथे हिंदूंचे हात तोडत, अशी लोकसमजूत आहे. पोर्तुगीजांच्या प्रत्येक मोठ्या शहरात अपराध्यांना शिक्षा देण्यासाठी एक सार्वजनिक खांब असे आणि हा त्यांपैकीच असावा, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. खांबाचे जतन व्हायला हवे, यात वाद नाही. पण लोकसमजूत आणि पुरावा यांतला फरक फलकावर लिहिला नाही, तर छळाच्या खऱ्या कागदपत्रांवरचाही विश्वास उडतो. एक खोटा तपशील पकडला गेला की नाकारणाऱ्यांना सगळेच नाकारण्याची सोय होते.

सोप्या चित्रात न बसणाऱ्या गोष्टीही पाहिल्या पाहिजेत. हे देव जुवारी नदीपलीकडे ज्या अंत्रुज महालात गेले, तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. मुसलमान सुलतानाच्या हद्दीत हिंदू देवतांना आसरा मिळाला. गोव्याच्या न्यायपीठापुढे खेचले गेलेल्यांत आरंभी ज्यू वंशाचे नवख्रिस्ती ठळकपणे होते. पुढे बहुसंख्य होते ते गोव्यातलेच ख्रिस्ती, जुन्या चालीरीती लपून पाळल्याचा आळ आलेले. हिंदूंनाही धर्मांतरात अडथळा आणल्याबद्दल किंवा विधी केल्याबद्दल शिक्षा झाल्या. दोनशेहून अधिक वर्षांत खटले सोळा हजारांच्या आसपास झाले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला कैद, फटके, जप्ती, गलबतावरची सक्तमजुरी आणि भर चौकातली बेअब्रू आली. हे न्यायपीठ १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा उघडले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. म्हणजे आज ज्या गोवेकर ख्रिस्ती माणसाकडे बोट दाखवून ही चित्रे फिरतात, त्याचे पूर्वज या छळाचे बळी होते. पीडिताच्या वंशजालाच गुन्हेगार रंगवायचे, हे ब्रसेल्सच्या खिडकीने केले तेच काम आहे.

हा धोका काल्पनिक नाही. १४ सप्टेंबर २००८ रोजी मंगळूरच्या मिलाग्रिस भागातल्या अ‍ॅडोरेशन मठात हल्लेखोर शिरले आणि जिथे पवित्र भाकर ठेवतात ती पेटी फोडली. त्याच महिन्यात बंगळूरमधल्या चर्चवरही हल्ले झाले. त्याआधी सक्तीच्या धर्मांतराचे आणि देवतांची निंदा करणाऱ्या एका पुस्तिकेचे आरोप पसरले होते. ती पुस्तिका एका वेगळ्या ख्रिस्ती गटाशी जोडली गेली होती. मठातल्या जोगिणींचा तिच्याशी संबंध नव्हता. आरोप एकावर, घाव दुसऱ्यावर. ‘त्यांनी आमच्या पवित्र वस्तूची विटंबना केली’ या वाक्याने चौदाव्या शतकात ब्रसेल्स पेटवले. त्याच वाक्याने आजही कुठलीही गल्ली पेटू शकते, मग ते कोणत्याही धर्माच्या तोंडी असो. विटंबना खरोखर झाली असेल तर कायदा आहे, तक्रार आहे, न्यायालय आहे. एका माणसाच्या अपराधासाठी अख्ख्या समाजाला शिक्षा देण्याचा अधिकार कोणत्याही पुस्तिकेमुळे मिळत नाही.

मराठीत याबाबत आपल्यासमोर एक आदर्श आहे. अनंत काकबा प्रियोळकर हे मूळ प्रियोळचे, म्हणजे विस्थापित मंगेशाच्या गावचे. १९६१ मध्ये त्यांनी इन्क्विझिशनवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायपीठाच्या कागदपत्रांचा मोठा भाग नष्ट झालेला असताना त्यांनी पोर्तुगीज फर्माने, चर्चच्या नोंदी आणि प्रवाशांच्या हकिकती जमवल्या आणि देलाँचा वृत्तान्त वाचकापुढे ठेवला. त्यांच्या आरोपपत्रातला पुरावा बहुतांशी छळणाऱ्यांच्याच दप्तरातला आहे, म्हणून तो भक्कम आहे. याच प्रियोळकरांनी तीन वर्षे आधी, १९५८ मध्ये, भारतातल्या मुद्रणाचा इतिहास लिहिला आणि मिशनऱ्यांनी छपाईसाठी केलेल्या कामाची मोकळेपणाने नोंद घेतली. १६१६ मध्ये रायतूरला छापलेले ख्रिस्तपुराण मराठीत रचणारे फादर स्टीफन्स यांचाही ते आदराने अभ्यास करत. संतापाला त्यांनी कधी पुराव्याची जागा घेऊ दिली नाही.

राजसत्ता पैसे देते तेव्हा जास्तच सावध राहायला हवे. जुन्या गोव्यात १५९९ मध्ये उभारलेल्या व्हाइसरॉयच्या कमानीवर हाती तलवार घेतलेली एक स्त्री आहे आणि तिच्या पायाखाली एक पुरुष पडलेला आहे. ती सेंट कॅथरिन आणि तो पराभूत आदिलशहा, असे सहसा सांगितले जाते. कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० ला, पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा जिंकला होता. आख्यायिकेनुसार कॅथरिन स्वतः श्रद्धेसाठी छळ सोसून मेलेली. सत्तेने तिला जेत्याची तलवार दिली. कोणाही पीडिताच्या स्मृतीचे असे होऊ शकते. गोवा सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये ठेवले. ही स्मृती सरकारी झाली आहे, म्हणून आता तिची भाषा, तिचे फलक आणि तिची चित्रे इतिहासकारांनी तपासली पाहिजेत. स्मारक मेलेल्यांना न्याय देते की जिवंत शेजाऱ्यावर बोट रोखते, हे त्याच्या एकेका वाक्यावरून ठरते.

ब्रसेल्सने शेवटी काय केले, ते शिकण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकातही त्या कॅथेड्रलने त्याच कथेच्या नव्या काचा काप्रोनिये या कारागिराकडून करवून घेतल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धातला ज्यूंचा संहार पाहिल्यावर आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चला मागे वळून पाहावे लागले. १९६८ मध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी हे आरोप पक्षपाती आणि ‘चमत्कार’ दंतकथा असल्याचे मान्य केले आणि १९७७ मध्ये तसा फलक कॅथेड्रलमध्ये बसवला. काचा फोडल्या नाहीत, झाकल्याही नाहीत. त्यांच्याजवळ सत्य लिहिले. फलक लहान आहे, खिडक्या प्रचंड आहेत, आणि त्याला सहाशे वर्षांहून अधिक उशीर झाला. तरीही ज्या संस्थेने खोटे जपले, तिनेच ते खोटे असल्याचे लिहून दिले, याचे मोल मोठे आहे.

आपल्याला एवढा उशीर करण्याची गरज नाही. छळाचे चित्र समोर आले की विचारावे : हे कोणी काढले, कोणाच्या पैशाने, कोणत्या पुराव्यावरून, आणि ते पाहून मी आज कोणाशी कसे वागावे अशी त्याची अपेक्षा आहे? पहिल्या तिन्हींचे उत्तर मिळत नसेल आणि चौथ्याचे उत्तर ‘शेजाऱ्याचा द्वेष’ असेल, तर ते पुढे पाठवू नये, घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाठवले असले तरी. जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या जागेवर आणि व्हाइसरॉयच्या कमानीपाशी पुराव्यानिशी लिहिलेले फलक मराठी, कोंकणी, कन्नड आणि इंग्रजीत असावेत, अशी मागणी आपण करावी. प्रियोळकरांनी वापरलेली मूळ फर्माने मराठीत आणि कन्नडमध्ये सहज वाचायला मिळतील, यासाठी आपल्या मंडळांनी आणि विद्यापीठांनी पैसा उभा करावा. आणि गोव्याची कथा मुलांना सांगताना मंगेशाबरोबर कातारीना द ओर्ताचे, आणि लपून जुनी रीत पाळल्याबद्दल फटके खाल्लेल्या निनावी ख्रिस्ती गोवेकरांचे दुःखही सांगावे.

आपल्या पूर्वजांनी छळ सोसला, एवढ्याने आपण न्यायी ठरत नाही. त्यांच्या वेदनेचा उपयोग करून आपण दुसऱ्या निरपराध माणसावर आरोप रंगवला, तर त्यांना छळणाऱ्यांचेच काम आपण पुढे चालवतो. त्यांची आठवण जपायची असेल, तर तिच्यात खोट्याचा एक तुकडाही बसू न देण्याची जबाबदारी आपली आहे.